आधी भवानी, मग दुकान

मला सांगा, विश्वास कुणावर ठेवाल? "उद्यापासून रोज पहाटे लिहिणार" म्हणणाऱ्यावर, की "बघू, जमलं तर" म्हणणाऱ्यावर? गिऱ्हाइकाच्या बाबतीत माझा अंदाज सहसा चुकत नाही. "फिरून येतो" म्हणणारा येत नाही, आणि भाव ऐकून नाक मुरडणारा हमखास घेऊन जातो. पण लेखकांचं गणित वेगळंच!

सोलापुरात माझं चादरींचं दुकान. रविवारी सकाळी अर्धं शटर वर करून गादीवर आम्ही चौघं बसतो. चौघंही लिहिणारे, आणि चौघांचं रडगाणं एकच: दिवसातून लिहायला वेळ काढायचा कधी? या एका प्रश्नावर इतके किस्से साठलेत, की गोदामात चादरी कमी आणि किस्सेच जास्त!

खरी घाई मात्र एकट्या सुजाताला. ती बँकेत क्लार्क. तिच्या आईनं आणि आईच्या मैत्रिणींनी जन्मभर बिड्या वळल्या, त्यांच्यावर ती पुस्तक लिहीत होती. आईला वाचता येत नाही, वाचूनच दाखवावं लागणार. आणि आईचे कान दिवसेंदिवस मंदावत चाललेले. कानाच्या मशीननंही फार दिवस निभणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं.

*

आमचे देशमुख सर रिटायर्ड हेडमास्तर. त्यांचा मंत्र एकच: नियोजन! एकदा आठवडाभर खपून त्यांनी दिवसाचं टाइमटेबल केलं. वाचन हिरवं, चिंतन निळं, टिपणं लाल, फिरणं काळं. भिंतीवर लावलं. सरांच्या मिसेसनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अहो, आणि लिहिणं कुठल्या रंगात?"

सरांनी खिशातली पेनं मोजली. मग म्हणाले, "दुकानात चारच रंगांची पेनं होती!"

*

गुरुनाथ सरकारी कचेरीत. घरात कन्नड, कचेरीत मराठी, आणि कादंबरी दोन्हींत अडकलेली! "शांतता पाहिजे," म्हणून आठवड्याची रजा टाकून तो वैरागजवळ सासुरवाडीच्या शेतात जाऊन राहिला. दुसऱ्याच दिवशी बातमी फुटली, की कचेरीतले जावई आलेत आणि झाडाखाली बसून लिहितायत. झालं! अख्खं गाव कागद घेऊन हजर. कुणाचा रस्त्याचा अर्ज, कुणाचा रेशनकार्डाचा. एक म्हातारबा तर म्हणाले, "लई झ्याक लिवता की! आमच्या म्हशीचं बी लिवा."

आठवडाभर गुरुनाथ लिहीतच होता. कादंबरीची ओळ नाही! पण त्या अर्जांवर महिन्याभरात गावाला विजेची नवी डीपी मिळाली. आमच्या चौघांत लेखणीनं एवढं काम दुसऱ्या कुणीच केलेलं नाही.

*

माझंही सांगतो. दुपारी धंदा थंड, म्हणून मी गादीवरच गोष्ट लिहायचं ठरवलं. मला संवाद मोठ्यानं म्हणून बघायची खोड. मी रंगात आलेला: "आज तुला जिवंत सोडणार नाही!" मान वर केली, तर समोर करकंबचं गिऱ्हाईक, हातात डबल बेडची चादर.

मी ओशाळलो. ते शांतपणे म्हणाले, "मारा की शेठ, पण आदी रेट तर सांगा!"

*

सुजाताला सल्ले द्यायला सगळे पुढे. देशमुख सर म्हणाले, "पहाटे चारला ऊठ." ती म्हणाली, "उठते की सर, नळाला पाणी येतं त्या दिवशी. मग एका हातात बादली असते." दिवसभर बँक, संध्याकाळी स्वयंपाक, आईचं औषधपाणी. सुट्टी मिळेल तेव्हा लिहू, असं म्हणता म्हणता वर्ष गेलं होतं.

मी म्हटलं, "हे बघ, आमच्यात दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती होईपर्यंत उधारी नाही, गप्पा नाहीत. आणि पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, नफा नाही सुटला तरी चालेल! वाक्याचंही तसंच धर. सकाळी पहिलं जे दारात येईल ते उतरवून घे. फाटकं असो, मळकं असो. त्याच्याआधी मोबाइल नाही, काम नाही."

"आणि चहा, अण्णा?"

"चहा चालतो. आम्हीपण घेतो."

*

तिनं हे घरी सांगितलं आणि आईनं पहारा सुरू केला. दूधवाला, शेजारीण, सगळे दारातून परत: "भवानी व्हायचीय अजून!" एका सकाळी बँकेच्या मॅनेजरचा फोन आला. आईनं उचलला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, म्हणून आपलंच सांगितलं, "पोरीची भवानी झाल्याबिगार बोलनं न्हाय!" आणि ठेवून दिला.

सुजाताला केबिनमध्ये बोलावणं. "मॅडम, बँकेत राहून साइड बिझनेस चालत नाही. दुकान कसलं आहे?"

"वाक्यांचं, सर."

मॅनेजर विचारात पडले. "होलसेल की रिटेल?"

"रिटेल सर. रोज एक."

पण भवानी झाली, की मागून गिऱ्हाईक येतंच. एकाची चार वाक्यं, चारांचं पान. पुस्तक पुरं झालं!

*

मागच्या रविवारी सुजाता आईला गादीवर घेऊन आली. शेवटचं प्रकरण वाचून दाखवायचं होतं. आई माझ्या शेजारी, लोडाला टेकून, डोळे मिटून. सुजाता आईच्या कानाशी वाकून मोठ्यानं वाचू लागली. बाहेर रिक्षांचे हॉर्न, समोरच्या दुकानात टेम्पो खाली होतोय. आई हलेना, हसेना. देशमुख सरांनी माझ्याकडे पाहून हळूच नकारार्थी मान हलवली.

प्रकरण संपत आलं. आईनं बोट धरून लेकीला पहिल्यांदा शाळेत नेलं, तिथं सुजाताची शेवटची ओळ आली. तिनं कागद मिटले. विचारायचा धीर होईना, तरी विचारलं, "आई, आलं का गं ऐकू?"

आईनं डोळे उघडले.

"समदं आलं. लई ग्वाड लिवलंस. पन शाळंत तुला मी न्हवती नेली. मी कारखान्यात बिड्या द्यायला रांगंत हुती. माज्यासंगट बिड्या वळनाऱ्या शांतानं नेलं हुतं तुला, सोताच्या पोराला शेजारनीकडं ठिवून. उद्याची भवानी तिच्या नावानं कर. आन् हिशेब खरा ठिव की, पोरी!"