सांभाळायला दिलेला नावाडी

थोरल्याच्या खोलीतला कॉम्प्युटर बंद करायचा नाही, असा त्या घराचा कायदा होता. तो कुणी कुणाला सांगितला नव्हता, पण सगळे पाळत होते. धाकट्याची बायको केर काढायला आत गेली, की टेबलाखालच्या वायरींभोवतीचा केर हाताने वेचायची. झाडूचा धक्का लागून प्लग निघाला तर काय घ्या! डब्यातला पंखा दिवसरात्र घरघरत असायचा आणि ती घरघर थेट स्वयंपाकघरातल्या ओट्यापर्यंत ऐकू यायची. नव्या माणसाला वाटावं, आतल्या खोलीत कुणीतरी आजारी पडलंय.

आजारी कुणी नव्हतं. खोलीचा मालक हिवाळ्यात कचेरीच्या जिन्यावर दम लागला म्हणून टेकला, तो उठलाच नाही. सकाळी घाईघाईत निघताना त्याने कॉम्प्युटर चालूच ठेवला होता. तो तसाच चालू राहिला.

धाकटा दातांच्या कवळ्या करायचा. दवाखान्यांमधून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यात प्लॅस्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, घासायचं, चकाकी आणायची. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही, त्याचं हसू तयार करून द्यायचं असं ते काम. संध्याकाळी नखांतलं प्लॅस्टर काढत तो घरी यायचा आणि हातपाय धुऊन थोरल्याच्या खुर्चीत बसायचा. कारण थोरल्याचा ब्लॉग आता तो चालवत होता.

ब्लॉग एका खेळाचा होता. रविवारी दुपारी भूमितीच्या बाईंकडे चौघं जमायचे: बाई, कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि हे दोघे भाऊ. बाई गोष्ट सांगायच्या, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. तळघराच्या दाराशी आलात, आता काय करता? मग ज्याने त्याने आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचं आणि अडलं की फासे टाकायचे. बेकरीवाला त्यात सरदार होता, आणि घाबरला की पिठाचे हात झटकावेत तसे हात झटकायचा. धाकटा चोर. थोरला एक म्हातारा नावाडी झाला होता आणि वर्षानुवर्षं त्याने दुसरं पात्र घेतलंच नाही. खेळ झाला की त्याची हकीकत तो नावाड्याच्या शब्दांत ब्लॉगवर लिहायचा. खाली नावही तेच, ‘नावाडी’. गावोगावचे असले खेळ खेळणारे लोक ती वाचायचे. थोरल्याचं खरं नाव त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या टेबलाचा एक रिवाज होता. कुणी आला नाही, तर त्याचं पात्र त्याच्या डावीकडच्याने सांभाळायचं. त्याच्यासारखं बोलायचं, तो घेईल तेच निर्णय घ्यायचे, स्वतःची अक्कल पाजळायची नाही. आणि काहीही झालं तरी सांभाळायला दिलेलं पात्र मरू द्यायचं नाही. मालक आला की त्याच्या हवाली करायचं, जिवंत. थोरल्याच्या डावीकडे कायम धाकटा बसायचा. कचेरीत जादा काम निघालं की थोरला फोन करून एवढंच म्हणायचा, “आज म्हाताऱ्याकडे बघ रे.”

म्हणून ती चूक झाली. थोरल्याचं सगळं क्रियाकर्म आटोपल्यावर, ब्लॉगच्या वाचकांना कळवायला हवं म्हणून धाकटा त्या खुर्चीत बसला. समोर कुणाचा तरी प्रश्न आलेला होता. ‘नावाडीबुवा, बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाहीत. बरे आहात ना?’ खरं लिहायला म्हणून त्याने बोटं ठेवली आणि लिहून गेला, ‘थंडी बाधली होती. होडी बांधून पडलो होतो. आता बरा आहे.’ पाठवल्यावर आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. पुसून टाकायचं, तोवर खाली तिघाचौघांनी लिहिलं होतं, ‘जिवात जीव आला.’

आता तो कुठल्या तोंडाने सांगणार?

तेव्हापासून तो नावाडी सांभाळत होता. बाईंना आणि बेकरीवाल्याला कळलं तेव्हा बाई म्हणाल्या, “अहो, हे बरं नाही.” पण पुढच्या रविवारी गोष्टीत नदी आली, तेव्हा त्यांनीच नकळत विचारलं, “नावाडी काय म्हणतो?” आणि धाकट्याने थोरल्याच्या घोगऱ्या आवाजात उत्तर दिलं. बेकरीवाल्याच्या हातातून फासे टेबलाखाली पडले. ते उचलायला कुणी पटकन वाकलं नाही.

घरी कॉम्प्युटरच्या तऱ्हा सुरू झाल्या होत्या. पडदा मधेच गोठायचा. बाण आपोआप सरकत एका कोपऱ्यात जाऊन बसायचा. आतल्या घड्याळाचा सेल संपलेला, त्यामुळे वीज जाऊन आली की यंत्र भलतीच जुनी तारीख दाखवायचं, थोरला जिवंत असतानाची, आणि ती हाताने बदलल्याशिवाय ब्लॉग उघडायचा नाही. आजची तारीख घालताना दर वेळी धाकट्याला भावाला पुन्हा एकदा पोचवून आल्यासारखं वाटायचं. उत्तराच्या चौकटीत एक अक्षर टाकलं की खाली थोरल्याची जुनी उत्तरं ओळीने उभी राहायची. ‘ह’ टाकला की ‘हुकूम सरकार’. ‘न’ टाकला की ‘नदीला विचारून सांगतो’. पुष्कळदा त्यातलंच एखादं चपखल बसायचं.

ब्लॉगचा पासवर्ड फक्त थोरल्याला ठाऊक होता. यंत्राला तो पाठ होता म्हणून पान उघडायचं. नवा मागवला, तर तो थोरल्याच्या कचेरीतल्या ईमेल पत्त्यावर जायचा, आणि तो पत्ता कचेरीने केव्हाच बंद केला होता. यंत्र गेलं की नावाडी गेला, असा सरळ हिशेब होता.

त्याच सुमारास एक वाचक यायला लागली. नाव ‘पाहुणी’. खेळाचं तिला काही कळत नसावं. ती विचारायची, ‘नावाडी, तुमचे गुडघे आता कसे आहेत?’ ‘पावसाळी हवेत दम लागतो का?’ धाकटा मन लावून उत्तरं द्यायचा. एकदा तिने विचारलं, ‘त्या दिवशी निघताना दारातून परत का आलात?’ त्याला कसला दिवस, कसलं दार काही कळलं नाही. पण थोरला कशाला परत आला असता, हा विचार करून त्याने लिहिलं, ‘काही विसरलो नव्हतो. तू पाठमोरी होतीस, म्हणून पुन्हा एकदा बघून गेलो.’ पाहुणीने त्यानंतर कितीतरी दिवस काही लिहिलं नाही.

एका सुट्टीच्या सकाळी पडदा निळा झाला तो झालाच. धाकट्याने कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळे वैद्य म्हणत. वैद्याने झाकण काढलं, कान लावला.

“डिस्क चाललीये हो. ऐका, कटकट करतेय. आज चालू करून देतो, पण आठवडाभर टिकली तरी खूप. आतलं सगळं नव्यावर घेऊ. पासवर्ड तेवढे पुन्हा घालावे लागतील.”

“‘नावाडी’च्या ब्लॉगचा पासवर्ड थोरल्याला ठाऊक.”

“मग विचारा की त्यांना. नाहीतर मीच विचारतो, तेवढीच ओळख होईल. मी वाचतो ना त्यांचं! परवाचं ते धुक्यातल्या घाटाचं, काय लिहिलंय! कुठे आहेत?”

धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, “बाहेर गेलाय.”

थोरल्याची बायको, त्याची वहिनी, चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने कप वैद्याच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाली, “येतीलच एवढ्यात.”

वैद्य गेला आणि धाकट्याच्या बायकोने खोलीचं दार आतून लावून घेतलं.

“अहो, मी कुठल्या घरात राहते, सांगाल का? तुम्ही म्हणता बाहेर गेलाय. ती म्हणते येतीलच. मी काय त्यांचं ताट वाढून ठेवू?”

“तोंडातून निघून गेलं गं.”

“तुमच्या तोंडातून हल्ली दुसरंच कुणीतरी बोलतं. काल मला ‘हुकूम सरकार’ म्हणालात, थोरले तिला म्हणायचे तसं. मी तुमची वहिनी नाही, बायको आहे.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आणि ती पाहुणी कोण, ते कळलंय का तुम्हाला?”

“कोण?”

“देवा! सगळ्या जगाचे जबडे ओळखता आणि घरातलं माणूस ओळखता येत नाही. तुम्ही इथे टकटक केलंत की तिकडे ओट्यावर तिचा फोन वाजतो. हात पुसून वाचते. मग नळ सोडून रडते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मधे एक भिंत आहे फक्त.”

धाकटा खुर्चीत बसला. दारातून परत आलेला माणूस, पाठमोरी बाई, हे सगळं त्याला आता दिसलं. ओट्यापाशी उभ्या वहिनीला नवऱ्याने त्या सकाळी जाता जाता परत येऊन पाहिलं होतं. मग ते आपल्याला कसं सुचलं? त्याच्या मानेवर कुणी गार फडकं ठेवावं तसं झालं.

“तिला सांगा,” बायको म्हणाली. “नाहीतर ती इथून हलायची नाही. दुकानाचं कळलं ना?”

कळलं होतं. वहिनी औषधाच्या दुकानात गल्ल्यावर असायची. मालक दुसऱ्या गावात दुकान काढत होता आणि ते तिने सांभाळावं, वर राहायला खोलीही घ्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. वहिनीने हो म्हटलं नव्हतं, नाहीही नाही. “बघते विचारून,” एवढंच म्हणाली होती. कुणाला विचारून, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणीचा प्रश्न आला. ‘नावाडी, मला पलीकडे बोलावणं आलंय. जाऊ का? तुम्ही सांगाल तसं.’

भिंतीपलीकडे नळ बंद झाला. ती वाट बघत होती.

थोरला काय म्हणाला असता, याचा विचार करावाच लागला नाही. वहिनीला एकदा शिवणाचा वर्ग काढायचा होता, तेव्हा तो म्हणाला होता, “कशाला? बरं चाललंय की.” मैत्रिणींबरोबर चार दिवस जायचं होतं, तेव्हाही तेच. ओरडणं नाही, हट्ट नाही. नुसतं प्रेमाने धरून ठेवणं. धाकट्याने ‘थ’ दाबला. यंत्राने खाली लगेच मांडलं, ‘थांब गं, घाई काय आहे’. खेळाच्या नियमाने उत्तर अगदी बरोबर होतं. एक कळ दाबायची आणि वहिनी जन्मभर या ओट्यापाशी उभी राहणार होती, फोनकडे कान लावून.

डब्यात कटकट वाढली होती. त्याने ते अक्षर खोडलं आणि उत्तराच्या चौकटीऐवजी ब्लॉगचं मोठं पान उघडलं, सगळ्यांना दिसेल असं. लिहिलं: ‘नावाडी गेला. खेळातला नव्हे. हे लिहिणारा माणूस, माझा थोरला भाऊ, हिवाळ्यात वारला. तेव्हापासून मी त्याच्या नावाने लिहीत होतो. चुकलो. पाहुणीला एवढंच सांगायचंय की इथे तुमच्यासाठी कुणी थांबलेलं नाही. खुशाल जा.’

पाठवलं. पान उघडलं. खाली यंत्राने आपणहून नाव घातलं होतं: नावाडी.

लोकांची उत्तरं भराभर आली. ‘अंगावर काटा आला!’ ‘स्वतःच्या मरणाची बातमी स्वतःच द्यायची, काय डोकं आहे!’ ‘आता भुताची होडी येणार, बघा.’ आणि वैद्याने खात्री दिली होती, ‘घाबरू नका मंडळी. मी कालच त्यांच्या घरी गेलो होतो. ठणठणीत आहेत, फक्त बाहेर गेले होते.’

दार वाजलं. वहिनी उभी होती, हातात फोन. डोळे कोरडे होते.

“वाचलं मी.”

“वहिनी, मला माफ करा.”

“तुम्हाला कशाला?” ती आश्चर्याने म्हणाली. “त्यांनी जा म्हटलंय. जन्मात पहिल्यांदा म्हटलं.”

“ते मी लिहिलंय, वहिनी.”

“मला का ठाऊक नाही कोण लिहितं ते, भावजी? मी काय खुळी आहे?” ती पडद्यावरच्या नावाकडे बघत म्हणाली. “पण म्हणणं त्यांचंच असतं.”



आठवड्याच्या शेवटी वहिनी गेली. बॅग गाडीत ठेवताना म्हणाली, “पोचल्यावर कळवते.” तिने धाकट्याकडे पाहून म्हटलं नाही, त्याच्या मागे घरात कुणी उभं असावं तसं आत पाहून म्हटलं.

दुपारी धाकटा पुन्हा त्या खुर्चीत बसला. बायको आली, स्टूल ओढून शेजारी बसली आणि हात भिंतीवरच्या बटणापाशी नेऊन ठेवला.

“तिचं येऊ दे,” ती म्हणाली. “मग मी बंद करणार. आता वाद नाही.”

बऱ्याच वेळाने पाहुणी आली. ‘पोचले. खोली उजेडाची आहे. तुम्ही जेवलात का?’

उत्तराची चौकट रिकामी होती. त्यातली उभी रेघ लुकलुकत होती. धाकट्याचा हात उचलला गेला. कोणाच्या इच्छेने, ते त्याला सांगता आलं नसतं. बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

पंखा काही फेरे तसाच फिरला. मग घर इतकं गप्प झालं, की दोघं एकमेकांकडे बघत राहिले. धाकट्याने खिशातून स्वतःचा फोन काढला आणि वहिनीला लावला.

“वहिनी, पोचलात का नीट?”

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग अगदी हळू, “कोण बोलतंय?”

बायको त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

“मी धाकटा.”

“भावजी होय! मला वाटलं...”

“नाही, वहिनी,” तो म्हणाला. “तो नाहीये.”

तिकडे रस्त्यावरून एक गाडी गेल्याचा आवाज आला, दुकानाचं शटर कुणीतरी वर ढकललं. मग वहिनी रडू लागली. या खेपेला तिने नळ सोडला नाही. तिचं रडणं पुरतं होईपर्यंत धाकट्याने फोन कानाशी धरून ठेवला. त्याने तिला थांब म्हटलं नाही.