लॉरीचं ऑइल

फोन शांताचा होता. "वैनी, अप्पा गेले... परवा सकाळी," एवढंच म्हणाली. शांता म्हणजे मल्हारीअण्णांची थोरली मुलगी. अण्णा साडेतीन वर्षं आमच्या गाडीवर ड्रायव्हर होते, आणि त्यांनी काम सोडल्यालाही आता दोन वर्षं होऊन गेली होती. काय झालं, कसे गेले, हे विचारायचं सोडून मी म्हटलं, "अगं, मी येणारच होते त्यांच्याकडे." ती "हो वैनी" म्हणाली. मी कशासाठी येणार होते, ते तिला कुठे माहीत होतं!

अण्णा मूळचे निपाणीकडचे, राहायला के. आर. पुरमला. आम्ही तिथून जवळच महादेवपुऱ्यात, ह्यांची नोकरी तिथल्याच एका कारखान्यात. सासूबाईंना पक्षाघात झाला, रोज व्यायामासाठी दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा आम्ही गाडी घेतली आणि अण्णांना ठेवलं. सात वाजता सायकलवरून हजर. बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पुसून बघितल्याशिवाय गाडी सुरू करायचे नाहीत. सासूबाईंना आधार देऊन गाडीत बसवताना म्हणायचे, "चला अव्वा, आज म्हैसूरला जाऊन येऊ," आणि जन्मात कोणाच्या विनोदाला न हसलेल्या आमच्या सासूबाई चक्क हसायच्या. त्या कन्नड मुलखात घरात मराठी बोलणारं आणखी एक माणूस आलं, याचा मला तर फार आनंद झाला होता.

पण माझ्या डोक्यात वडिलांच्या लॉऱ्या होत्या. कराडला आमच्या चार लॉऱ्या, आणि घरात जेवताना विषय दोनच. ऑइल जितकं घट्ट तितकं इंजिन टिकतं, हा एक. ड्रायव्हर लोक डिझेल काढून विकतात, हा दुसरा. अण्णांच्या चौथ्या वर्षी सर्व्हिसिंगची वेळ आली तेव्हा मी लॉरीला घालतात तसलं घट्ट ऑइल आणवलं, आणि गाडीला ताकद यावी म्हणून जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोलही सुरू केलं. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "वैनी, ह्ये ऑइल जड पडतंय ह्या इंजनाला. सकाळच्या गारठ्यात फिरतच न्हाई, लई वेळ चोक वढून ठेवावा लागतोय. स्वल्प पातळ घालूया की. आन् पेट्रोल सादंच बरं. म्हागाचं घातलेलं ह्याला कळतबी न्हाई."

"अण्णा, मी लॉरीवाल्याची मुलगी आहे," मी म्हटलं.

"सरी, बरं," म्हणून ते गाडी पुसायला गेले.

लिटरला चौदा किलोमीटर देणारी गाडी साडेअकरावर आली. महाग पेट्रोल घालून ॲव्हरेज वाढायचं सोडून उतरलं, म्हणजे पेट्रोल कुठेतरी जात होतं... आणि कुठे, हे मला माहेरी शिकवलेलंच होतं. मी टाकीला कुलपाचं झाकण बसवलं, किल्ली पर्समध्ये ठेवली. ॲव्हरेज होतं तिथेच. एखाद्या शहाण्या बाईने तेव्हा तरी ऑइलचा विचार केला असता. मी अण्णांना विचारलं, "दुसरी किल्ली करून घेतलीत का?" रागावले असते तर बरं झालं असतं. "न्हाई वैनी," एवढंच म्हणाले. महिना पूर्ण केला, शेवटच्या दिवशी सासूबाईंच्या पाया पडले आणि गेले.

मग मी स्वतः गाडी शिकले. ॲव्हरेज साडेअकराच! आता पेट्रोल कोण काढत होतं? पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याने जुनं ऑइल बोटांत चोळून बघितलं आणि विचारलं, "अम्मा, ये लॉरी का ऑइल किसने डाला?" त्याने मला समजावून सांगितलं. एवढं घट्ट तेल ढवळण्यातच छोट्या इंजिनाची शक्ती जाते. त्यात दवाखान्यापर्यंतची जवळची फेरी, इंजिन धड तापायच्या आत गाडी बंद, आणि तोवर चोकवर पेट्रोल पिणं चालूच. शब्द वेगळे, बाकी सगळं अण्णांचंच. पातळ ऑइल आणि साधं पेट्रोल घातल्यावर पंधरा दिवसांत गाडी चौदावर आली. त्याच दिवशी मी के. आर. पुरमला जायला हवं होतं. लांब का आहे ते? पण दसरा झाला की जाऊ, मुलांच्या परीक्षा झाल्या की जाऊ... खरं सांगायचं तर मला त्यांच्या तोंडाकडे बघायची लाज वाटत होती.

अण्णांचे दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. अण्णांची बायको भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "माझं फार चुकलं." शांता गोंधळली. "काय चुकलं वैनी?" तेव्हा कळलं, अण्णांनी घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून गाडी सोडली, असं सांगितलं होतं. "अप्पा म्हणायचे, म्हादेवपुऱ्याच्या वैनींना गाडीतलं सगळं कळतंय," शांता म्हणाली. मी चहा प्यायले आणि तशीच उठून आले.

तिथे जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते. मल्हारीअण्णांनी आमच्या गाडीतलं थेंबभर पेट्रोल कधी घेतलं नाही. मी त्यांना चोर ठरवलं, आणि खरं काय ते कळल्यावरही मी गेले नाही. पण हे छापून आलं तरी माझी सुटका नाही. शांता घरात मराठी बोलते, शाळा मात्र सगळी कन्नडमधली; तिला मराठी वाचता येत नाही, आणि तिच्या आईला तर अक्षरओळखच नाही. त्यामुळे त्या दोघींसमोर बसून हे सगळं मलाच मोठ्याने वाचावं लागणार आहे.