जनाबायची कर्दळ नि विहीणबायचा सोनटक्का

जनाबायला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, काय देवमाणूस आहे ही बाई. आता आठवलं की एकटीच हसते मी. आमचे हे रिटायर झाले नि आमी कल्याणचं बिऱ्हाड मोडून शेणव्याला राहायला आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी ओट्यावर चहा घेत बसले होते. समोर मोरीपाशी जनाबाय वाकून एका झाडाशी हळूहळू काहीतरी बोलत होती. मी ह्यांना म्हटलं, "बघा, झाडाशी पण कशी मायेनं बोलते. तुमी माझ्याशी कधी बोललात असं?"

मग चार दिवसांनी वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने जवळ गेले नि ऐकलं. ती झाडाला म्हणत होती, "मर मेल्या, वाळ. आलास तिथं परत जा."

ते झाड म्हणजे सोनटक्का. जनाबायच्या सुनेने, दामिनीने, लग्न झाल्यावर पहिल्यांदा माहेरी जाऊन येताना त्याचा गड्डा पिशवीतून आणलेला. तिचं माहेर मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याला. तिची आई रंभाबाय, म्हणजे जनाबायची विहीण, हिने आपल्या हाताने तो उपटून दिला होता. दामिनीने तो लावला कुठे, तर मोरीच्या सांडपाण्यावर, सासूच्या कर्दळीला चिकटून.

नि कर्दळ म्हणजे जनाबायचा जीव. ती डोळखांबची. लग्नात येताना तिनेही असाच गड्डा आणलेला. तिकडे आता तिचं कोणी उरलं नाय, घर पण पडलं. पण कर्दळ इथं बारा महिने लालभडक. ना खत, ना निगा. भांडी घासलेलं पाणी पिऊन माणसाएवढी उंच.

सोनटक्का आला नि सगळं बिघडलं. पहिल्याच श्रावणात त्याला पांढरी फुलं धरली. संध्याकाळी उमलायची नि अख्ख्या आळीला वास. जाणारा-येणारा थांबायचा. जनाबायचा मुलगा साईनाथ, भिवंडीच्या गोडाऊनला कामाला जातो, तो रात्री दमून आला की दारातच उभा राहून म्हणायचा, "काय वास सुटलाय गो आई." इतकी वर्षं कर्दळीपुढून गेला तो, एकदा तरी काय बोलला? तशी कर्दळीला वासच नाय म्हणा. पण हे जनाबायला सांगायचं कोणी?

मी सांगितलं. मला सवयच आहे नको तिथं बोलायची.

"जनाबाय, तुझी दिसायला राणी गो, पण वासात सोनटक्का पुढं."

"वासावर काय भाकरी लावायचीय? पावसाळा सरला की मरतोय तुमचा सोनटक्का. उन्हाळ्यात शोधायला गेलं तर दिसत पन नाय. माझी बघ, वैशाखात फुलतेय."

"पण तू वास घेऊन तरी बघ एकदा."

"मी नाय घेत."

नि नाय घेतला तिने, शपथ घातल्यासारखा. सोनटक्क्याजवळून जाताना पदर नाकाला लावायची, जसा काय कोणी उंदीर मरून पडलाय. दामिनी गरीब पोर, खाली मान घालून हसायची. एकदा तिने केसात फूल माळलं, तर सासूबाई म्हणाल्या, "डोकं दुखेल तुझं." दुखणं कोणाच्या डोक्यात होतं ते अख्ख्या आळीला ठाऊक.

असे तीन पावसाळे गेले. मग यंदाच्या उन्हाळ्यात साईनाथने अंगणाला सिमेंटचा कोबा करायचं काढलं. मंगळू गवंडी आला. त्याने मोरीपाशी सुपाएवढी जागा मातीची ठेवली नि म्हणाला, "इथं एकच झाड राहील. दोनांना जागा नाय. कुठलं ठेवू?"

साईनाथ मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "सोनटक्का ठेव. वास छान येतो."

जनाबायचा चेहरा असा झाला की मला समोरच्या ओट्यावरून पण दिसला. दामिनी लगेच म्हणाली, "आई म्हणतील ते." आता ह्याच्यावर भांडायचं तरी कसं? सून उलट बोलली असती तर बरं झालं असतं. जनाबायला नुसतं गप्प बसावं लागलं, नि गप्प बसणं तिला कधी झेपलेलं नाय.

मंगळूच्या माणसांनी कर्दळ बुडापासून छाटली, दोन्हींचे गड्डे खणून काढले नि पोत्यावर दोन ढीग करून सावलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी दामिनी बाजाराला शहापूरला गेली. मंगळू जेवायला गेला. नि मी बघते तर जनाबाय एक ढीग पदरात घेऊन निघाली गोठ्यामागे, उकिरड्याकडे. रिकाम्या हाताने परत आली. दुसरा ढीग मोरीपाशी पुरला नि वर तांब्याभर पाणी घातलं.

"काय टाकून आलीस गो?" मी विचारलं.

"घान होती."

"नि हे काय लावलंस?"

"माझी कर्दळ. नाय म्हणाली असती काय ती? तूच ऐकलंस ना, आई म्हणतील ते."

पाऊस पडला, कोंब आले. जनाबाय रोज सकाळी तिथं. आता खरंच मायेनं बोलायची, मी कान देऊन ऐकलंय. "ये गो बाय, वर ये." पानं सुटली. आता ह्या दोन्ही झाडांची पानं लहानपणी बरीचशी सारखी. पण मला आपली शंका यायला लागली. कर्दळीचं पान रुंद होतं, हे मेलं लांबोडकं नि अरुंद निघालेलं. दामिनीला तर पहिल्या दिवसापासून कळलं असणार, तिचं बालपण त्यात गेलेलं. पण ती पोरगी बोलली नाय. सासू पाणी घालत असली की ही दारात उभी राहून ओठ दाबायची.

नागपंचमी झाली नि एका संध्याकाळी अख्ख्या आळीला वास सुटला.

मी धावतच गेले. जनाबाय पायरीवर बसलेली. समोर पांढरं फूल. तिने मला बघितलं नि म्हणाली, "हिरे, कुनाला सांगू नको."

मी म्हटलं, मी कशाला सांगू. आता तुमाला सांगतेय ते वेगळं.

झालं होतं असं. गड्डे दोन्ही दिसायला सारखेच, मातीने भरलेले, गाठीगाठीचे. पण सोनटक्क्याचा गड्डा जरा नखाने खरवडला तर आल्यासारखा वास मारतो, लहान पोर पण ओळखेल. जनाबाय कशी ओळखणार? तीन वर्षं तिने नाकच तिकडं नेलं नव्हतं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या माहेरची कर्दळ उकिरड्यावर टाकून आली नि विहिणीच्या झाडाला लाडाने पाणी पाजलं.

आमी दोघी गोठ्यामागे गेलो. नि बघतो तर काय, शेणखतात कर्दळ गोठ्याच्या छपराला टेकलेली. पानं अशी की एकेका पानात पोर झोपवावं. लाल तुरे वर. नि भोवती बकऱ्या येऊ नयेत म्हणून बोरीच्या काट्यांचं कुंपण.

कुंपण जनाबायने केलेलं नव्हतं. शेण टाकायला रोज सकाळी तिथं जायचं कोण? दामिनी.

मला वाटलं आता तरी बाईचा जीव भरून येईल. कसलं काय.

"बघ," ती म्हणाली, "आता हिने माझी कर्दळ पन आपलीच करून घेतली."

गणपती आले. रंभाबायच्या घरी दीड दिवसाचा, तो पोचवला की ती मोकळी. मग गौरीला ती लेकीकडे आली. अंगणात पाऊल टाकते तोच मोरीपाशी सोनटक्का. ती एवढी फुलली, एवढी फुलली.

"विहीणबाय, दारातली जागा माझ्या झाडाला दिलीत. लोक उगाच काहीबाही बोलतात. मोठं मन हाय तुमचं."

जनाबायला हो म्हणता येईना, नाय म्हणता येईना. मी तोंडावर पदर धरला.

रंभाबाय थांबते थोडीच. संध्याकाळी सोनटक्क्याची माळ करून गौरीच्या गळ्यात घातली, मग आरतीला आलेल्या बायकांपुढं सुरू झाली. "फूल असावं तर असं. आता कर्दळ घ्या. रंग हाय, पन नुसता रंग. वास नाय, माळता येत नाय. मोरीवरचंच झाड ते."

"आमी पन मोरीवरच्याच," जनाबाय म्हणाली नि चहाचे कप गोळा करायला लागली. त्या रात्री ती नीट जेवली नाय. मला म्हणाली, "माझ्या घरात येऊन मला सांगतेय, नि मी ऐकून घेतेय. माझ्याच हातानं जागा दिली गो तिला."

दुसऱ्या दिवशी गौरीचं जेवण. साईनाथच्या गोडाऊनची माणसं येणार होती, त्याने शहापूरवरून पत्रावळी आणायच्या होत्या. तो विसरला. माणसं येऊन ओटीवर बसली तेव्हा आठवलं. घरातली ताटं निम्म्यांना पण पुरत नव्हती, नि आमच्या आळीत केळ एकाकडे पण नाय. दामिनीचा चेहरा उतरला. जनाबायने विळा उचलला नि गोठ्यामागे गेली.

आली ती कर्दळीच्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन. पानं धुतली, पुसली, मांडली. हिरवीगार, रुंद, काठाला किंचित लाल. वर भात, वरण, अळूची भाजी, वडे. पंगत बसली. साईनाथ म्हणाला, "आई, ताटापेक्षा हे भारी दिसतंय." दामिनीने सासूकडे बघितलं, सासूने नाय बघितलं असं दाखवलं.

बायकांच्या पंगतीला रंभाबाय मधोमध बसलेली. दुपार झाली होती. गौरीच्या गळ्यातली सोनटक्क्याची माळ कालची, पिवळट होऊन लोंबायला लागलेली, धुतलेल्या फडक्यासारखी. रंभाबायच्या ते ध्यानात नव्हतं. ती भाजी चाटूनपुसून खात होती.

जनाबाय वाढायला आली. वाकली नि एकदम गोड आवाजात म्हणाली, "विहीणबाय, जेवन कसं झालंय?"

"झकास."

"नि पान?"

रंभाबायने खाली बघितलं. मग वर गौरीकडे. मग परत खाली.

"पान बरं हाय," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी सोनटक्क्यावर वाढू काय? एका पाकळीवर एक शीत बसंल."

बायका हसायला लागल्या. मी तर उचकी लागेपर्यंत हसले. रंभाबाय काही बोलणार होती, पण तोंडात वडा.

"भात घाला जरा," ती शेवटी म्हणाली.

जनाबायने घातला. भरपूर घातला, वर वरण घातलं, वर तूप पण सोडलं. नि पुढं सरकता सरकता म्हणाली,

"पोटभर जेवा. नुसता वास घेत बसू नका."