शांताकाकूची म्हैस आणि माझा पिलर

हसायचं असेल तर हसा, पण आधी ऐका.

आमच्या कंपाउंडचा गेटजवळचा पिलर पडला होता. वरठीच्या कारखान्यातली ड्युटी बुडवून मी तो स्वतः विटा रचून उभा केला. आज दुपारी प्लास्टर केलं, थापी फिरवून गुळगुळीत केलं.

संध्याकाळी जनावरं परतली. शेजारच्या शांताकाकूची म्हैस सरळ आली आणि ओल्या प्लास्टरवर अंग घासू लागली. मी ओरडलो, काठी आपटली. ती डोळे मिटून घासतच राहिली.

काकू मलाच म्हणाली, "बाबू, तिच्यावर काहून ओरडून राहिला? जुना पिलर बी तिनंच घासून घासून पाडला. तो पडल्यापासून बिचारी नुसती बेचैन होती!"

आता प्लास्टर म्हशीच्या अंगावर वाळतंय. उद्या मी पुन्हा प्लास्टर करीन, संध्याकाळी ती परत येईल. तुम्हीच सांगा, हा पिलर नेमका कोणाचा?