बाटलीभर डिझेल

परवा रेणापूरच्या पेट्रोल पंपावर डिझेलचा वास आला आणि मी थेट आमच्या विहिरीवरच्या जुन्या इंजिनापाशी जाऊन पोचले. आबा, म्हणजे माझे वडील, हँडल मारायचे. इंजिन खोकत सुरू व्हायचं, काळा धूर बाभळीत शिरायचा आणि खोप्यांतल्या सुगरणी उडून जायच्या. मला मात्र तो धूर ऐटीचा वाटायचा.

आबा इंजिनात रोज एकच बाटली डिझेल ओतायचे. एकदा भुईमुगाचे दोन वाफे कोरडे राहिले आणि इंजिन थांबलं.

"आबा, जरासं अजून वता की!"

त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं. "न्हाई. बाटली सरली की बंद. हिरीला बी दम घेऊ दे."

तेव्हा मला तो निव्वळ चिक्कूपणा वाटला.

यंदा सरकारी योजनेतून सौर पंप बसवला. धूर नाही, आवाज नाही. बाभळीला पुन्हा खोपे लटकलेत. ते बघत बसायला फार बरं वाटतं. पण उन्हाची बाटली सरत नाही. काल दोन वाफे कोरडे असतानाच मी विहिरीत वाकून पाहिलं आणि पंप बंद केला.

लेक ओरडली, "आई, ऊन हाय की अजून!"

"ऊन लई हाय," मी म्हणाले. "तू पाणी बघ."