आबांचे कान आणि नौदल दिन

मंडळी, आज माझा घसा पार बसलाय.

नौदल दिन म्हणून गावातल्या शाळेने माझ्या वडिलांचा सत्कार ठेवला होता. आबा नौदलात, जहाजाच्या इंजिनरूममध्ये होते. तिथल्या आवाजाने त्यांचे कान गेले. त्यामुळे सकाळपासून मी प्रत्येक गोष्ट दोनदा ओरडून सांगतेय.

पाहुणे तासभर आरमार, तोफा, युद्धं यावरच बोलले. आबा मांडीवरची शाल सांभाळत नुसते बघत होते.

परतताना आरे-वारेच्या चढावर रिक्षात त्यांनी विचारलं, "आम्हां इंजिनवाल्यांचं नाव घेतलं काय गो?"

कुणीच घेतलं नव्हतं. ओरडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. हळूच म्हटलं, "घेतलं."

तुम्ही खरं सांगितलं असतंत?

दिवसभरात तेवढा एकच शब्द त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू आला.