काडी न लावता

हरसूलच्या डोंगरात झुंबरबाईंनी जन्मभर पालापाचोळा जाळला आणि त्या राखेत भाताची रोपं वाढवली. नाशिकला लेकाकडे राहायला आल्या, तर सून सविता अंगणात पाला, भाज्यांची सालं अन् शेण थरावर थर रचत होती. "न जाळता खत व्हतं का कुठं?" म्हणत त्यांनी काडेपेटी कनवटीला खोचली. आता फक्त सुनेची पाठ वळायचा अवकाश!

आज सविता बाजारात गेली. झुंबरबाईंनी ढिगावरचं गोणपाट उचललं, तर भस्सकन वाफ! हात घातला, तो चटका बसून मागं आला.

सविता फाटकात दिसताच त्या ओरडल्या, "अगं, धाव! काडी न लावताच लय तापलंय!"

मग काडेपेटी सुनेच्या हातात कोंबली. "धर, च्या ठेव. खताला नाय लागत ही."